बॅटरी ‘फुल’ दाखवते, तरी भोंगा गप्प का?

दुकानातील चोरघंटा वीज गेल्यावर बहुधा १२ व्होल्टच्या छोट्या बंद बॅटरीवर चालते. व्यापारी बांधव पॅनेलवर ‘फुल’ पाहून निर्धास्त राहतात आणि ईदच्या मालाने दुकान भरलेले असताना, वीज गेलेल्या रात्री भोंगा वाजतच नाही.

कारण साधे आहे. वीज चालू असताना चार्जर बॅटरीला सुमारे १३.५ ते १३.८ व्होल्ट देतो. अनेक पॅनेल तोच आकडा वाचतात. तो चार्जरचा असतो, बॅटरीचा नव्हे.

म्हणून जुम्म्याला दुकान उघडण्यापूर्वी पॅनेलची वीज बंद करावी. यंत्रणा अर्धा तास बॅटरीवर चालू द्यावी, मग भोंगा क्षणभर वाजवून मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांना लावावा. आकडा १२ च्या वर टिकला तर ठीक. झपाट्याने ११ कडे घसरला तर बॅटरी बदला. अशा बॅटऱ्या साधारण ३ ते ५ वर्षे टिकतात.

उलट, टोकांवर १२.७ असून पॅनेल ‘लो’ म्हणत असेल तर बॅटरीवर खर्च करू नका. सैल क्लिप, गंज किंवा फ्यूज तपासा.

दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनीही हा आकडा वीज तोडूनच गिऱ्हाइकाला दाखवावा. नुसता ‘फुल’ दाखवून पैसे घेणे हा खरा सौदा नव्हे. नव्या बॅटरीवर बसवल्याची तारीख शाईने लिहावी.