रॉचडेलचे रोखीचे दुकान

‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आपल्याकडील वाण्याच्या दुकानात पुष्कळांनी पाहिली असेल. ग्राहक ती वाचतो, हसतो आणि ‘खात्यावर मांडा’ असे सांगून माल घेऊन जातो. परंतु हाच नियम काही गरीब कारागिरांनी अक्षरशः पाळला, आणि त्याच्या बळावर ते मोठ्या संकटातून तरून गेले. त्यांची हकीकत विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनीही जाणून घ्यावी असे आम्हांस वाटते.

इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात रॉचडेल हे कापड विणणारांचे गाव होते. १८४० नंतरची काही वर्षे तेथे फार हलाखीची गेली. मजुरी उतरली होती आणि ती वाढावी म्हणून केलेले प्रयत्न फसले होते. हाती रोकड नसल्यामुळे विणकर उधारीवर जगे. आणि उधार घेणारास तक्रार करण्याची सोय नसते. पिठात भेसळ असो की तराजू खोटा असो, मागील बाकी फेडल्यावाचून त्यास दुसऱ्या दुकानाची पायरी चढता येत नसे. कर्जाने त्याचा पैसा तर जाईच, पण ‘हे मला नको’ असे म्हणण्याचे बळही जाई.

अशा स्थितीत अठ्ठावीस जणांनी दर आठवड्यास दोन-तीन पेन्स बाजूस टाकून अठ्ठावीस पौंड जमविले. टोड लेन नावाच्या गल्लीत एका जुन्या वखारीचा तळमजला त्यांनी भाड्याने घेतला, आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी सायंकाळी तेथे दुकान उघडले. माल तो काय? थोडे लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. हा सारा पसारा एका हातगाडीत मावेल, असे म्हणून एका दुकानदाराने त्यांची थट्टा केली असे सांगतात.

त्यांचे भांडवल लहान होते, परंतु नियम मोठे होते. माल शुद्ध व वजन पुरे द्यावयाचे. उधार कोणासही नाही. प्रत्येक सभासदास, मग तो पुरुष असो वा स्त्री, एकच मत. उरलेला नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्यास परत द्यावयाचा, आणि तो दुकानातच ठेव म्हणून राहू द्यावयाची मुभा. या शेवटच्या नियमाची खुबी ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या मजुरास वेगळी शिल्लक टाकणे शक्य नव्हते, त्याची रोजच्या भाकरीच्या खरेदीतूनच शिल्लक पडू लागली. पुढे नफ्यातील शेकडा अडीच भाग शिक्षणाकडे लावण्याचा नियमही झाला; त्यातून वाचनालय चालले.

या व्यवस्थेची खरी कसोटी १८६१ साली लागली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस येईनासा झाला आणि लँकेशायरमधील गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. लाखो लोकांवर मदतीच्या अन्नावर राहण्याची वेळ आली. रॉचडेलच्या सभासदांनी आपापल्या ठेवी काढण्यास आरंभ केला. एका वर्षात सभासद सुमारे ३,९०० होते ते ३,५०० झाले. तरी दुकान बुडाले नाही. उधारीत पैसा अडकलेला नसल्यामुळे ज्याची ठेव त्यास देता आली. १८६३ साली सभासद पुन्हा ४,००० वर गेले. आणि त्याच टंचाईच्या काळात रॉचडेल व आसपासच्या संस्थांनी मिळून मँचेस्टर येथे घाऊक खरेदीची मोठी सहकारी संस्था स्थापिली.

याच युद्धाने आपल्या मुंबईवर मात्र सोन्याचा पाऊस पाडला. येथील कापसाचे भाव कितीतरी पटींनी चढले. नव्या बँका व कंपन्या निघाल्या. उसन्या पैशावर शेअरांचे सौदे झाले. १८६५ च्या एप्रिलात युद्धाचा शेवट होऊ लागला, भाव कोसळले, आणि १ जुलै रोजी सौदे पुरे करण्याची मुदत भरली तेव्हा मोठमोठ्या पेढ्यांची दिवाळी निघाली. ‘बँक ऑफ बाँबे’ सुद्धा त्या धक्क्यातून सावरली नाही. १८६८ साली ती गुंडाळावी लागली. एकीकडे दुष्काळात तगलेले पेन्सांचे दुकान, तर दुसरीकडे सुकाळाच्या पाठोपाठ बुडालेल्या पेढ्या! दोहोंतील भेद धनाचा नव्हे, रीतीचा होता.

या दुकानाने सर्वांचे दारिद्र्य हटविले असे मात्र कोणी समजू नये. गिरण्या बंद पडल्यावर पुष्कळांना परोपकारी लोकांच्या साहाय्यावाचून गत्यंतर नव्हते. काटकसर ही मजुरीची जागा घेऊ शकत नाही. परंतु ज्यांची एकमेकांशी गाठ आधीच बांधलेली होती, त्यांस संकटात निदान कोणाचे दार ठोठवावे हे ठाऊक होते.

विद्यार्थिमित्रांनो, ही हकीकत इतिहासाच्या वहीत मिटून ठेवू नका. वर्गाचा लहानसा निधी जमवाल तेव्हा त्याचा हिशेब सर्वांसमक्ष वाचा. शाळेच्या भांडारात विक्रीस बसाल तेव्हा माप पुरे द्या. आणि पालकांस आमची विनंती अशी की, घरचा जमाखर्च मुलांपासून लपवू नये. त्यांस तो मांडावयास शिकवावे. संकट सांगून येत नाही. ते आल्यावर विश्वास उसना मिळत नाही; तो बऱ्या दिवसांतच पैपैने साठवावा लागतो.