उभ्या गाडीची राखण

जुन्या मोटारगाडीला चोरीचा सर्वांत मोठा धोका असतो तो ती वापरातून जाऊन घरी उभी राहिल्यावर. गोंदिया जिल्ह्यात अशा गाड्या पुष्कळ आहेत. राइस मिलच्या आवारात, मालगुजारी वाड्यांच्या मागे, गोठ्याला लागून टाकलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या ताडपत्रीखाली असतात. त्यांत महिंद्राची जीप सर्वांत जास्त आढळते. १९४०च्या दशकाच्या अखेरीस विलिज जीपचे सुटे भाग जुळवून सुरू झालेली ही गाडी धानाच्या बांध्या आणि नवेगाव-नागझिऱ्याकडचे जंगलरस्ते यांना सोसणारी होती, म्हणून ती इथे टिकली. तिच्या खालोखाल प्रीमियर पद्मिनी आणि १९५७ ते २०१४ या काळात निघालेली अॅम्बॅसडर. पूर्वी भंगाराच्या भावाने जाणाऱ्या या गाड्यांना आता हौशी गिऱ्हाईक आहे. जुन्या जीपचा सांगाडा आणि त्याचे खरे कागद यांना तर विशेष मागणी असते, कारण कारखान्याबाहेर नव्याने बांधलेल्या जीपची नोंदणी होत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या घरची जीप आमगाव तालुक्यातल्या एका गावातून मंडईच्या रात्री गेली. दिवाळी झाली की इकडच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक. नाटक पहाटेपर्यंत चालते आणि गावातली बहुतेक घरे तोवर ओस असतात. त्याच दिवसांत हलक्या धानाची मळणी सुरू असते, त्यामुळे मध्यरात्री ट्रॅक्टर-ट्रॉली गेली तरी कोणी मान वर करून पाहत नाही. जीप सांदवाडीत तणसीच्या ढिगाआड होती. वडील गेल्यापासून ती सुरू झाली नव्हती. खुणांवरून एवढे कळले की कुंपणाचे काटे बाजूला सारून तिला ट्रॅक्टरला बांधून ओढत नेले होते. चाकांत हवा होती, कारण आठच दिवसांपूर्वी जीप विकत घेण्याच्या नावाखाली आलेल्या दोघांनी ढकलून पाहायला म्हणून ती भरून घेतली होती.

नुकसान तिथेच थांबले नाही. घर सामायिक होते. थोरल्या भावाला वाटले, धाकट्याने गाडी मिस्त्रीकडे नेली. धाकट्याला वाटले, काकांनी सौदा केला. हे विचारायला तीन दिवस गेले. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला तो चेसिस नंबरचा, आणि तो घरात कोणालाच ठाऊक नव्हता. आरसी बुक वडिलांच्या पेटीत होते. वाळवीने त्याची पाने एकमेकांत चिकटवून टाकली होती. गाडीचा क्रमांक सापडला तो एका लग्नाच्या फोटोत, आणि त्यावरून परिवहन कार्यालयातून चेसिस नंबर मिळवायला आठवडे लागले. पुढे एका भंगाराच्या आवारात तशाच जीपचे इंजिन दिसले, पण ते आपलेच असे सिद्ध करता आले नाही. घरच्या जीपचे मूळ पेट्रोल इंजिन काढून तिच्यात डिझेल इंजिन बसवलेले होते आणि तो बदल आरसीवर कधी चढवलाच नव्हता. कागदोपत्री त्या इंजिनाचा या घराशी काही संबंध नव्हता. जीप परत मिळाली नाही.

म्हणून राखणीची सुरुवात कुलपाआधी कागदापासून करणे योग्य. १ जुलै १९८९ पासून मोटार वाहन कायदा, १९८८ लागू झाला आणि त्याच सुमारास एमएचने सुरू होणारे क्रमांक आले. त्याआधीच्या गाड्यांचे क्रमांक तीन अक्षरे आणि पुढे आकडे असे आहेत. अशा गाडीची नोंद ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत चढली आहे की नाही, हे मालकाने स्वतः तपासावे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. तोपर्यंतच्या गाडीचे दप्तर एमएच ३५च्या गोंदियात न मिळाल्यास भंडाऱ्यातही विचारावे लागते. नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मालक वारला असेल तर वारसाच्या नावे हस्तांतरण आधी करून घ्यावे. इंजिन बदलले असेल तर कलम ५२ प्रमाणे ते आरसीवर नोंदवून घ्यावे. या शेवटच्या कामाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि चोरीनंतर त्याचीच किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते.

चेसिस नंबर फ्रेमवर ठोकलेला असतो. गंज आणि रंगाचे थर हळूच काढून त्यावर कागद ठेवावा आणि पेन्सिल घासून छाप घ्यावा; मिस्त्री त्याला चेसिस प्रिंट म्हणतात. सोबत इंजिन नंबर आणि गाडीचे चारही बाजूंचे फोटो हवेत. पोच, वेल्डिंगची खूण, बदललेला दिवा, डॅशबोर्डवरचे भोक अशा फक्त याच गाडीवर असलेल्या गोष्टींचेही फोटो घ्यावेत. ही फाइल गाडीत ठेवू नये. २००१ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातून १९३८ची एक दुर्मीळ टॅल्बो-लागो चोरीला गेली, तेव्हा चोरांनी गाडीबरोबर तिचे कागदही उचलले. पंधरा वर्षांनी नव्या खरेदीदाराने नोंदणीसाठी अर्ज केला, त्या वेळी चोरीची जुनी नोंद समोर आली आणि गाडीचा माग लागला.

पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती निघते. आठवडी बाजाराला जाणाऱ्या जीपसाठी हा मार्ग नाही.

आता प्रत्यक्ष अडवणूक. जुन्या गाडीच्या चावीचे काम विद्युत्प्रवाह जोडणे एवढेच. नव्या गाड्यांतली चावी ओळखणारी यंत्रणा तिच्यात नसते, आणि उघड्या जीपला दारही नसते. पेट्रोल गाडीवर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला रोटर काढून घरात ठेवणे. १९४० मध्ये जर्मन आक्रमणाची भीती होती तेव्हा ब्रिटनमध्ये उभ्या गाड्या निकामी करून ठेवण्याचा हुकूम निघाला होता. त्या वेळी लोकांनी हेच केले. डिझेल इंजिनाला डिस्ट्रिब्युटर नसतो, तिथे डिझेलच्या नळीवर लपवलेला कॉक बसवून घ्यावा. बॅटरीला कट-ऑफ स्विच दोन्हींना उपयोगी पडतो. त्याने शॉर्ट होऊन आग लागण्याची भीतीही कमी होते.

पण हे सगळे उपाय गाडी सुरू करू पाहणाऱ्या चोरासाठी आहेत. खेड्यात गाडी ओढून नेली जाते, आणि ओढण्यापुढे रोटरचा उपयोग नाही. दीर्घकाळ उभी ठेवायची गाडी चार लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) चढवून चाके काढून आत ठेवणे, हा यावरचा खरा उपाय. टायरही त्याने टिकतात. ते शक्य नसेल तर जमिनीत काँक्रीट करून लोखंडी कडी बसवावी आणि जाड साखळी फ्रेमच्या आडव्या पट्टीतून ओवून त्या कडीला कुलूप लावावे. साखळी बंपरला बांधून भागत नाही. बंपर दोन पान्यांनी सुटतो. गाडीचे तोंड भिंतीकडे आणि तिच्यामागे रोज हलणारे दुसरे वाहन, अशी मांडणी असली तर उत्तम. तणसीचा ढीग, कुंपण, गोठा यांचा आडोसा मालकाला सोयीचा वाटतो. चोरालाही तो तितकाच सोयीचा असतो.

जीपीएस ट्रॅकर जरूर लावावा, पण उभ्या गाडीची बॅटरी काही आठवड्यांत उतरते आणि ट्रॅकर मुका होतो. त्यामुळे स्वतःची बॅटरी असलेला ट्रॅकर घ्यावा आणि ती भरण्याचा वार ठरवून ठेवावा. सिमकार्डचा रिचार्ज संपल्यानेही तो बंद पडतो. गावात मोबाइलची रेंज कुठे तुटते हेही आधी पाहून ठेवावे.

घरातल्या एका माणसाकडे गाडी रोज पाहण्याचे काम नावानिशी सोपवावे. सामायिक घरात हे फार महत्त्वाचे, कारण सर्वांची गाडी म्हणजे कोणाचीच नाही असे नकळत होऊन बसते. विकत घ्यायला आलेल्या अनोळखी माणसाला गाडी दाखवण्याआधी त्याचे ओळखपत्र आणि मोबाइल क्रमांक लिहून घ्यावा, आणि तो गेल्यावर चाकांतली हवा सोडून द्यावी. मंडईच्या रात्री घरी एक तरी माणूस असावे. न जमल्यास गाडीपाशी दिवा लावून शेजाऱ्याला सांगून जावे.

विम्याबाबत गैरसमज मोठा आहे. सक्तीच्या त्रयस्थ विम्यात स्वतःच्या गाडीची चोरी येत नाही. सर्वंकष विमा, किंवा त्रयस्थ विम्याला जोडून आग आणि चोरीचे संरक्षण, असे वेगळे मागावे लागते. पाच वर्षांहून जुन्या गाडीची विमा-किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, म्हणून मूल्यांकनकर्त्याचा अहवाल आणि दुरुस्तीची बिले पुढे ठेवून ती आधीच ठरवून घ्यावी.

गाडी गेल्याचे कळताच फिर्याद त्याच दिवशी द्यावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणाचीही असली तरी पोलिसांना माहिती नोंदवून घ्यावी लागते; ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. या जिल्ह्यात वेळेला फार महत्त्व आहे. रावणवाडीवरून बालाघाट, देवरीवरून छत्तीसगड, आमगावातून लांजी. पहाटेच्या आत गाडी दुसऱ्या राज्यात असू शकते. क्रमांक, चेसिस आणि इंजिन नंबर तिन्ही बरोबर दिले तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ प्रणालीत सापडलेल्या गाड्यांशी त्यांचा मेळ घालता येतो. परिवहन कार्यालयालाही लेखी कळवावे, म्हणजे त्या क्रमांकावर हस्तांतरण होणार नाही. विमा कंपनीला लगेच कळवावे. फिर्याद वेळेत दिलेली असताना केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटले आहे. गाडी न सापडल्यास पोलिसांचा तपासाअंतीचा अहवाल दाव्यासाठी लागतो.

गाडी सापडली तर ती ठाण्याच्या आवारात पावसात कुजू देऊ नये. न्यायालयात अर्ज करून ती सुपूर्दनाम्यावर सोडवून घेता येते. आरसी मालकाच्या नावे असेल तर हे काम सोपे जाते. ताबा मिळाल्यावर पोलीस आणि परिवहन दोन्हींकडची चोरीची नोंद काढून घ्यावी लागते, नाहीतर पुढच्याच नाक्यावर मालकाला स्वतःच्या गाडीसह थांबवले जाऊ शकते.