शिक्षा झाली, पण शिकला काय?

चि. सोनूस,


तुझं पत्र पोचलं. तिसरीचा वर्ग मिळाला, पोरं गोड आहेत, पण एक मुलगा नेमका गणिताच्या तासाला दंगा करतो आणि रोज वर्गाबाहेर उभं करूनही त्याच्यात फरक पडत नाही, असं लिहिलं आहेस. फरक पडतोय गं, पण उलटा. त्याच्या जागी बसून बघ. फळ्यावर हातच्याची वजाबाकी आली की त्याच्या पोटात गोळा येतो. शेजाऱ्याची पेन्सिल ओढली की दोन मिनिटांत तो व्हरांड्यात. तिथे ना वजाबाकी, ना फजिती. वर खिचडी शिजवणाऱ्या मावशींशी गप्पा. तू म्हणतेस शिक्षा केली, त्याच्या लेखी सुटका झाली. उद्याही तो पेन्सिल ओढणारच.

अमेरिकेत थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1898 साली भुकेल्या मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मांजर पेटीत कोंडलेलं, खाणं बाहेर. आधी नुसती धडपड. पण ज्या हालचालीने दार उघडायचं, ती पुढच्या खेपांना लवकर होऊ लागली. ज्या कृतीपाठोपाठ हवं ते मिळतं, ती अंगवळणी पडते. म्हणून आपण कशाला बक्षीस म्हणतो आणि कशाला शिक्षा, हे महत्त्वाचं नाही. त्यानंतर ते वागणं वाढलं की घटलं, तेवढं बघायचं.

खरोखर बोचणाऱ्या शिक्षेचंही ऐक. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने उंदरांना कळ दाबली की दाणा मिळण्याची सवय लावली आणि मग दाणा बंद केला. त्यातल्या काही उंदरांना सुरुवातीला कळ दाबताच पंजावर चापट बसायची. त्यांनी दाबणं लगेच आवरलं. पण चापट थांबल्यावर त्यांनी पुन्हा कळ दाबायला सुरुवात केली आणि शेवटी त्यांच्या दाबण्याचा एकूण हिशेब चापट न खाल्लेल्यांइतकाच भरला. 1938 च्या त्याच्या पुस्तकात हे आहे. शिक्षा वागणं दाबून ठेवते. त्याऐवजी काय करायचं, हे शिकवत नाही. छडीला तर 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने बंदीच आहे, आणि त्याच कलमात मानसिक छळही येतो. टोमणे मारून पाणउतारा करणं म्हणजे छडीला पर्याय नव्हे.

मग चॉकलेटं वाटू का, असं विचारशील. जपून. 1973 च्या एका अमेरिकी अभ्यासात चित्रं काढायची आवड असलेली बालवाडीतली मुलं घेतली होती. ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र देऊ’ असं काहींना आधीच सांगितलं. आठवडा-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात ही मुलं चित्रांच्या रंगीत पेनांकडे इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ वळली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र न सांगता, अचानक मिळालं होतं, त्यांची आवड टिकली. शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांचा शिक्षेइतकाच बक्षिसालाही विरोध का होता, ते इथे कळतं. मूल आपणहून जे करतंय, त्याला भाव लावू नये.

तुझ्या गणिताच्या तासाला मात्र आवड आधी निर्माण करायची आहे. तासाच्या सुरुवातीला त्याला जमतील अशी दोन सोपी उदाहरणं दे. पहिलं सुटताच जवळ जा आणि ‘हातचा बरोबर घेतलास’ एवढंच म्हण. ‘शाब्बास, हुशार आहेस’ यातून त्याला काय जमलं ते कळत नाही. कौतुक तिथल्या तिथे कर, शनिवारच्या परिपाठापर्यंत ठेवू नकोस. दंगा केला तर जागा बदल, पण उदाहरण टाळू देऊ नकोस. पहिले काही दिवस दंगा वाढूही शकेल; जुनी युक्ती चालेना की मूल ती जोरात करून बघतं. तेव्हाच कंटाळून त्याला बाहेर काढलंस, तर आणखी मोठा दंगा लागतो, एवढंच तो शिकेल. जमू लागलं की कौतुक अधूनमधून कर. दर वेळी मिळणाऱ्यापेक्षा मधूनच मिळणाऱ्या शाबासकीने लागलेली सवय जास्त टिकते. पुढे उत्तर बरोबर आल्याचा आनंदच त्याला पुरेल.

तेव्हा उद्यापासून त्याला वर्गाबाहेर काढणं बंद कर आणि त्याची वजाबाकी नेमकी कुठे अडते, ते आधी शोध.

तुझी,
आत्या