लॅपटॉपची मोठ्या पडद्याशी ओळख



आपल्या मराठी वर्गाच्या कार्यक्रमात आता फळ्याच्या जोडीला पडदाही आला आहे. कोणी किल्ल्यावरच्या सहलीची छायाचित्रे दाखवतो, तर कोणी आजीने गायलेल्या ओव्यांची चित्रफीत दाखवते. सभागृह मात्र ठरलेल्या वेळेपुरतेच आपले असते. त्यातली वीस मिनिटे वायरींशी झटापट करण्यात गेली, तर शेवटच्या दोन-तीन मुलांची पाळी येतच नाही. महिनाभर पाठ केलेले भाषण तसेच घरी परत जाते. तसे होऊ नये म्हणून हा पाठ. मोठ्यांनी तो वाचावाच, पण मुलांनी अधिक लक्षपूर्वक वाचावा. कारण पुढे कळेलच.

१. थोडा इतिहास

उजेडाच्या साहाय्याने चित्र मोठे करून चारचौघांना दाखवणे हा प्रकार जुना आहे. जपानमध्ये १८०३ साली एदो येथे, म्हणजे आजच्या तोक्योत, कामेया तोराकु याने 'उत्सुशिए' नावाचा खेळ सुरू केला. दिव्याची पेटी हलक्या लाकडाची असे. ती हातात धरून कागदी पडद्यामागे फिरवली, की समोरच्या लोकांना चित्र चालताना दिसे. आपल्याकडे कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नावाने असेच खेळ सुरू केले. काचेवर रंगवलेली चित्रे दिव्यापुढे सरकवायची आणि सोबत गोष्ट सांगायची. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी आणि जपानचे कामिशिबाईवाले यांना तर दिवाही लागत नसे. चित्र हातात आणि गोष्ट तोंडी!

या सर्व खेळांत चित्र आणि पडदा एकाच माणसाच्या ताब्यात असत. आज मात्र चित्र लॅपटॉपमध्ये असते आणि पडदा दुसऱ्याच कंपनीचा असतो. दोघांची आधी ओळख व्हावी लागते. बहुतेक अडचणी या ओळखीतच असतात.

२. केबलमधून काय जाते?

जुन्या प्रोजेक्टरना निळ्या रंगाचे, पंधरा टाचण्यांचे जोडस्थान असते. त्याला व्हीजीए म्हणतात. आयबीएम कंपनीने ते १९८७ साली आणले. त्यातून फक्त चित्र जाते, आवाज जात नाही. आजच्या टीव्हीला आणि प्रोजेक्टरला चपटे एचडीएमआय जोडस्थान असते. त्याची पहिली आवृत्ती २००२ च्या डिसेंबरात आली. ती ठरवणाऱ्या सात कंपन्यांपैकी हिताची, सोनी, तोशिबा आणि आज पॅनासॉनिक या नावाने ओळखली जाणारी मात्सुशिता अशा चार जपानी होत्या. यात एकोणीस टाचण्या असतात आणि एकाच केबलमधून चित्र व आवाज दोन्ही जातात.

आता महत्त्वाचा मुद्दा. केबल जोडताच लॅपटॉप लगेच चित्र पाठवू लागत नाही. आधी तो पडद्याला विचारतो, "तू कोण? किती ठिपक्यांचे चित्र तुला दाखवता येते?" पडदा आपली माहितीची छोटीशी चिठ्ठी पाठवतो. तिला ईडीआयडी म्हणतात. ती वाचून लॅपटॉप चित्राचा आकार ठरवतो आणि मगच चित्र निघते. चिठ्ठी पोहोचली नाही, तर केबल घट्ट बसलेली असूनही पडदा काळाच राहतो. म्हणून आधी पडदा सुरू करावा, मग केबल लावावी. तरीही चित्र आले नाही, तर केबल काढून दहा आकडे मोजावेत आणि पुन्हा लावावी. म्हणजे विचारपूस नव्याने होते.

नव्या लॅपटॉपना पुष्कळदा फक्त टाइप-सी जोडस्थान असते. येथे बरेच जण फसतात. जोडस्थानाचा आकार तोच असला, तरी प्रत्येक टाइप-सीमधून चित्र बाहेर पडतेच असे नाही. काहींतून केवळ वीज आणि फाइली जातात. जोडस्थानाशेजारी डिस्प्लेपोर्टचे चिन्ह असल्यास चित्र मिळण्याची खात्री धरता येते. चिन्ह नसल्यास लॅपटॉपची माहितीपुस्तिका पाहावी. यासाठी लागणारा टाइप-सी ते एचडीएमआय जोड आपला आपण न्यावा. सभागृहात तो असेलच असे धरून चालू नये.

३. चित्र आले नाही तर?

गोंधळाच्या वेळी चार जण चार बटणे दाबतात आणि नेमके काय बिघडले ते कळेनासे होते. एकानेच हात लावावा आणि पुढील क्रम सोडू नये.

(अ) वीज : पडद्याचा आणि लॅपटॉपचा दिवा लागला आहे का?
(आ) प्रवेशद्वार : केबल टीव्हीच्या एचडीएमआय २ मध्ये लावली असेल, तर टीव्हीवरही एचडीएमआय २ निवडले आहे का? 'सिग्नल नाही' अशी तक्रार बहुतेकदा येथेच सुटते.
(इ) केबल : दोन्ही टोके पूर्ण आत गेली आहेत का? दुसरी केबल लावून पाहिली का?
(ई) लॅपटॉपची आज्ञा : दुसऱ्या पडद्यावर दाखव असे त्याला सांगितले आहे का? (पुढील भाग पाहावा.)
(उ) ठिपके : पडद्याला न झेपणारा आकार निवडला असेल, तर तो १९२० गुणिले १०८० किंवा जुन्या प्रोजेक्टरसाठी १०२४ गुणिले ७६८ करावा.

आता मुलांचे काम. येथील टीव्हीच्या रिमोटवरची बटणे बहुधा कांजीत असतात. आम्ही पालक मराठी तुम्हाला शिकवतो खरे, पण ही अक्षरे तुम्ही आमच्यापेक्षा लवकर वाचता. म्हणून कार्यक्रमात रिमोट एखाद्या चौथी-पाचवीच्या विद्यार्थ्याकडे द्यावा, असे आम्ही सुचवतो. उपयोगी शब्द असे :

देन्गेन : वीज, चालू-बंद
न्यूऱ्योकु किरिकाए : प्रवेशद्वार बदलणे
ओन्र्यो : आवाजाची पातळी
गामेन साइझु : चित्राचा आकार
शिंगो नाशी : सिग्नल नाही

टीव्हीवर चित्राच्या कडा कापल्या जात असतील, तर 'गामेन साइझु'मध्ये जाऊन पूर्ण चित्र दाखवणारा पर्याय निवडावा.

४. पडदा वापरण्याच्या चार पद्धती

विंडोज असलेल्या लॅपटॉपवर विंडोज-चिन्हाची कळ आणि 'पी' एकत्र दाबले, की चार पर्याय येतात : फक्त लॅपटॉपचा पडदा, दोन्हींवर सारखेच चित्र, दोन्ही मिळून एक मोठे मेज, आणि फक्त दुसरा पडदा. मॅकवरही 'सारखेच चित्र' आणि 'मोठे मेज' हे पर्याय डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये सापडतात.

लहान मुलांच्या सादरीकरणाला 'दोन्हींवर सारखेच' ही पद्धत बरी. लॅपटॉपवर जे दिसते तेच प्रेक्षकांना दिसते, मुलाला मागे वळून पाहावे लागत नाही. मोठ्या मुलांनी 'मोठे मेज' वापरावे. प्रेक्षकांना चित्र दिसते आणि लॅपटॉपवर आपली टिपणे व पुढचे पान दिसते. टिपणे चुकून मोठ्या पडद्यावर गेली, तर सादरीकरणातच पडद्यांची अदलाबदल करण्याची आज्ञा असते. ती घरीच शोधून ठेवावी.

५. आकाराचे गणित

आजचा टीव्ही १६ : ९ या प्रमाणात असतो. जुने प्रोजेक्टर आणि पडदे ४ : ३ प्रमाणात असतात. समजा, पडदा २०० सेंटिमीटर रुंद आणि १५० सेंटिमीटर उंच आहे. त्यावर १६ : ९ चे चित्र टाकले, तर त्याची उंची २०० × ९ ÷ १६ = ११२.५ सेंटिमीटर होते. उरलेले ३७.५ सेंटिमीटर वर आणि खाली काळे राहतात. हा बिघाड नव्हे. काळी पट्टी नको म्हणून चित्र ताणले, तर सगळी माणसे लांबुडकी दिसतील.

याहून मोठे नुकसान उभ्या चित्रफितीत होते. आजीआजोबा फोन उभा धरून बोलतात. ती चित्रफीत १६० सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर उंच टीव्हीवर लावली, तर उंची ९० च राहते, पण रुंदी ९० × ९ ÷ १६, म्हणजे सुमारे ५०.६ सेंटिमीटर होते. पडद्याचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग वाया जातो आणि मागच्या रांगेला आजीचा चेहरा ओळखूही येत नाही. म्हणून गावी आधीच कळवावे, "आजी, फोन आडवा धरून बोल." शिवाय निरोपाच्या ॲपमधून चित्रफीत साधेपणाने पाठवली, तर ती लहान करून पाठवली जाते. तीच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली, तर मूळ रूपात मिळते.

६. मराठी अक्षरे

सादरीकरण घरच्या लॅपटॉपवर करून दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडले, तर कधी कधी मराठीच्या जागी विचित्र इंग्रजी अक्षरे दिसतात. युनिकोडपूर्व काळातल्या मराठी फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. तो फाँट त्या लॅपटॉपवर नसला, की मुखवटा गळून पडतो. युनिकोडात लिहिले, तर अक्षर कोणते ते फाइलमध्येच नोंदलेले असते, केवळ त्याचा आकार बदलतो. विंडोज ८ पासून 'निर्मला यूआय' हा देवनागरी दाखवणारा फाँट सोबत येतो. तरीही 'ळ' आणि 'ऱ्या' असलेला एखादा शब्द उघडून पाहावा. चित्रफीत नसलेल्या सादरीकरणाची पीडीएफ प्रत सोबत ठेवावी. तीत अक्षरे हलत नाहीत.

देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा अधिक अंतर ठेवावे. एका पानावर पाच-सहा ओळींपेक्षा जास्त मजकूर नसावा.

७. चित्रफीत आणि आवाज

चित्रफीत इंटरनेटवरून थेट लावू नये. ती आधी लॅपटॉपवर उतरवून ठेवावी. एच.२६४ पद्धतीची एमपी४ फाइल बहुतेक सर्वत्र चालते. आयफोनची नव्या पद्धतीची फाइल काही विंडोज लॅपटॉपवर चालत नाही, म्हणून ती आदल्या दिवशी उघडून पाहावी.

चित्र दिसते पण आवाज नाही, असे झाल्यास आवाज कोठून बाहेर पडावा ते लॅपटॉपच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये पाहावे. एचडीएमआय लावताच आवाज बहुधा पडद्याकडे वळतो, आणि पडद्याला स्पीकर नसला तर तो तेथेच हरवतो. अशा वेळी लॅपटॉपचा स्पीकर निवडावा किंवा हेडफोनच्या छिद्रातून सभागृहाच्या ध्वनियंत्राला वायर जोडावी.

पैसे भरून पाहण्याच्या चित्रपटसेवांमध्ये आणखी एक कुलूप असते, एचडीसीपी. साखळीतल्या एखाद्या जोडाला ते समजले नाही, तर बाकी सगळे दिसते आणि चित्रपटाची चौकट तेवढी काळी राहते. ती केबलची चूक नसते. अशा सेवांची परवानगी बहुतेक घरगुती पाहण्यापुरतीच असते, तेव्हा कार्यक्रमात आपल्या स्वतःच्या चित्रफिती दाखवणे उत्तम.

अनेकांच्या घरी भारतातून आणलेल्या मराठी नाटकांच्या डीव्हीडी आहेत. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत. त्यात भारत ५ व्या विभागात आणि जपान २ ऱ्या विभागात आहे. शिवाय भारतात सेकंदाला २५ चित्रांची 'पाल' पद्धत होती आणि जपानात सुमारे ३० चित्रांची 'एनटीएससी'. म्हणून तबकडीवर विभागाचे बंधन नसले, तरी येथील पुष्कळ यंत्रे तिला नकार देतात. लॅपटॉपला पाल आणि एनटीएससी दोन्ही समजतात, पण विभागाचे बंधन असल्यास ड्राइव्हचा विभाग फक्त पाच वेळा बदलता येतो. त्यानंतर शेवटचा विभाग कायम होतो. सहज गंमत म्हणून तो बदलू नये.

८. आदल्या दिवशीची यादी

१. सर्व मुलांची सादरीकरणे एकाच लॅपटॉपवर, कार्यक्रमाच्या क्रमाने.
२. त्यांची प्रत पेनड्राइव्हवर.
३. एचडीएमआयच्या दोन केबली, टाइप-सीचा जोड, व्हीजीएचा जोड.
४. चार्जर. त्यावर १००-२४० व्होल्ट लिहिलेले असावे. फक्त २३० व्होल्टचा भारतीय स्पीकर येथील १०० व्होल्टवर नीट चालणार नाही.
५. सभागृहात कोणता पडदा आहे आणि कोणते जोडस्थान आहे, याची आधी फोनवर चौकशी.
६. प्रत्येक मुलाकडे आपल्या भाषणाचे मुद्दे लिहिलेला एक कागद.

सहावा मुद्दा कोणी गाळू नये. क्रमाने पाहूनही पाच मिनिटांत चित्र आले नाही, तर वायरी बाजूला ठेवाव्यात आणि मुलाला बोलू द्यावे. पिंगुळीच्या चित्रकथीसारखे हातात एक छापील चित्र असले, तरी पुरते. यंत्राची दुरुस्ती चहाच्या सुट्टीत करता येते.

स्वाध्याय

१. १६ : ९ चे चित्र १२० सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर उंच पडद्यावर पूर्ण रुंदीत टाकले. काळ्या पट्ट्यांची एकूण उंची किती?
२. 'शिंगो नाशी' असे पडद्यावर आले. पहिल्या तीन गोष्टी कोणत्या तपासाल? क्रमाने लिहा.
३. फोन आडवा का धरावा, हे आजीला पटेल अशा भाषेत पाच ओळींचे पत्र लिहा.
४. घरच्या टीव्हीच्या रिमोटवरील कोणत्याही पाच बटणांना मराठी नावे द्या.

उत्तरे पुढील अंकात. तिसऱ्या प्रश्नाचे पत्र मात्र वहीत न ठेवता खरोखरच पाठवावे.