पाठीच्या मधोमध दुखते? अंगावर काढू नका

दापोड्याच्या गोदामांत माल चढवणारे-उतरवणारे हमाल आणि भिवंडीच्या यंत्रमागांवर तासन्‌तास उभे राहणारे कामगार यांची एक नेहमीची तक्रार असते, "डॉक्टर, पाठ मधोमध दुखते."

पाठीच्या या भागात 12 मणके असून त्यांना बरगड्या जोडलेल्या असतात. त्यामुळे हा भाग कमरेइतका हलत नाही आणि येथे चकती सरकण्याचे प्रमाणही कमी असते. बहुतेकांचे दुखणे स्नायूंवरील ताणाचे असते. अंग पिळून ओझे उचलणे, पोक काढून बसणे ही त्याची कारणे. अशा वेळी गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे. काही दिवस जड काम टाळावे, पण अंथरुणाला खिळून राहू नये. ओझे गुडघे वाकवून, अंगाजवळ धरून उचलावे. वेदनाशामक गोळ्या मनाने घेत राहू नयेत.

मात्र दुखणे हटत नसेल, रात्री वाढत असेल, बारीक ताप येत असेल, वजन घटत असेल, तर मणक्याच्या क्षयरोगाची शंका घ्यावी. खोकला नसतानाही तो होतो. चोळण्यात आणि मणका 'बसवून' घेण्यात वेळ गेला, तर मज्जारज्जूवर दाब येऊन पाय लुळे पडू शकतात. वेळीच निदान झाल्यास बहुतेक रुग्ण औषधांनी बरे होतात. ही औषधे सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. ती वर्षभर किंवा अधिक काळ घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत.

उतारवयात ठिसूळ झालेला मणका किरकोळ धक्क्यानेही दबतो. तेव्हा एक्स-रे काढावा. पायांतील शक्ती कमी झाली, लघवी अडली किंवा पाठदुखीबरोबर छाती भरून घाम फुटला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.