कैसराचे राज्य आणि नर्मदेचे मुख

सभेत प्रेषितांची कृत्ये वाचली जात असता अंत्युखिया, करिंथ, इफिस, पुत्युल अशी नावे आली म्हणजे पुष्कळ जण ती भराभर ओलांडून पुढे जातात. त्यांस वाटते, ही कोठली तरी दूरची नगरे. अक्कलकुवा, तळोदा किंवा शहादा येथील माणसाला त्यांचे काय? म्हणून या पाठात आम्ही हे दाखवू इच्छितो की, त्या नगरांचा आणि आपल्या मुलखाच्या शेजाराचा व्यवहार प्रेषितांच्याच काळी चालू होता.

प्रथम राज्याची मांडणी पाहू. औगुस्त कैसर इ. स. पूर्वी 27 पासून इ. स. 14 पर्यंत गादीवर होता. त्याच्यामागून तिबिर्याने इ. स. 37 पर्यंत राज्य केले. पुढे क्लौद्य (41 ते 54) व नीरो (54 ते 68) हे झाले. प्रभूचा जन्म औगुस्ताच्या अमलात झाला. वधस्तंभाची शिक्षा तिबिर्याच्या अमलात झाली. आणि पौलाने कैसराजवळ दाद मागितली तो कैसर नीरो होय.

राज्याचे प्रांत दोन प्रकारचे होते. जेथे शांतता नांदत होती त्या प्रांतांवर रोमची राजसभा बहुधा एकेका वर्षासाठी सुभेदार पाठवी. आसिया, जिचे मुख्य नगर इफिस, आणि अखया, जिचे मुख्य नगर करिंथ, हे पौलाच्या वेळी असे प्रांत होते. जेथे मोठे सैन्य ठेवावे लागे ते प्रांत कैसर आपल्या माणसांकरवी चालवी. सुरिया असा प्रांत होता, व त्याची राजधानी अंत्युखिया. मिसर देश औगुस्ताने इ. स. पूर्वी 30 मध्ये जिंकून आपल्या खास ताब्यात ठेवला.

मिसर हाती आल्यावर रोमच्या व्यापाऱ्यांस तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानाकडे येणे सोपे झाले. स्ट्राबो नावाचा भूगोलकार लिहितो की, त्याच्या काळी मिसरच्या एकाच बंदरातून 120 जहाजे हिंदुस्थानास जात असत. त्यांतील पुष्कळांचे मुक्कामाचे ठिकाण म्हणजे भडोच; ग्रीक लोक त्याला बारिगाझा म्हणत. जी नर्मदा आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर धडगावच्या डोंगरांना लागून वाहते, तीच पुढे भडोचजवळ समुद्रास मिळते. नंदुरबारहून भडोच सरळ रेषेत दीडशे किलोमीटरही नाही.

पहिल्या शतकात मिसरमधील एका ग्रीक व्यापाऱ्याने या जलमार्गाचे वर्णन लिहून ठेवले. तो सांगतो की, नर्मदेच्या मुखाशी भरती फार जोराची असे, म्हणून राजाच्या चाकरीतील तेथले कोळी आपल्या होड्या घेऊन समोर जात व परक्या जहाजांस वाट दाखवीत. दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणाहून मौल्यवान दगड व तेरहून कापड गाड्यांत भरून, जेथे नीट रस्ताही नव्हता अशा मुलखातून भडोचास येई. त्या वाटेत खानदेश व सह्याद्री लागतात.

भडोचाहून हस्तिदंत, अकीक, सुती व रेशमी वस्त्रे आणि पिंपळी जात. माल तांबड्या समुद्रातून मिसरला, तेथून उंटांवर नाईल नदीस, नदीतून आलेक्सांद्रियास, आणि तेथून इटलीच्या पुत्युल बंदरात पोहोचे. पौल कैदी म्हणून जेथे उतरला ते पुत्युल हेच, आणि त्याचे जहाजही आलेक्सांद्रियाचेच होते. वाटेत रोमचे सरकार या मालावर चौथाई जकात घेई. प्लिनी नावाचा लेखक कुरकुरतो की, हिंदुस्थान दरसाल 5 कोटी सेस्टर्स नाणे ओढून नेतो.

माणसेही जात. इ. स. पूर्वी 20 च्या सुमारास हिंदुस्थानातील एक वकिलात औगुस्ताकडे निघाली होती. प्रवासात पुष्कळ जण मेले. उरलेले तिघे अंत्युखियात एका ग्रंथकाराच्या दृष्टीस पडले. त्यांच्याबरोबरच्या एकाने अथेनै येथे स्वतःला अग्नीत जाळून घेतले. त्याच्या थडग्यावर त्याचे गाव बर्गोसा असे कोरले होते. हे भडोच असावे असे पुष्कळ विद्वान मानतात. ज्या अंत्युखियात शिष्यांस ख्रिस्ती हे नाव प्रथम मिळाले, तेथे साठेक वर्षे आधी आपल्याकडील माणसे येऊन गेली होती.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. भडोचास काय उतरते हे सांगताना तो व्यापारी द्राक्षारस, तांबे, कथील, पोवळे, काच हे लिहितो. आणि राजासाठी रुप्याची भांडी, गाणारी मुले व सुंदर मुली हेही त्याच ओळीत लिहितो. त्याच्या हिशेबात तेही नगच. प्रकटीकरणाच्या अठराव्या अध्यायात रोमच्या व्यापाऱ्यांच्या मालाची अशीच लांब यादी आहे. सोने, मोती, रेशीम, हस्तिदंत, घोडे असे मोजता मोजता शेवटी माणसांवर येऊन ती थांबते, व तेथे त्यांच्या जिवांचा उल्लेख केला आहे. पहिल्या यादीत माणूस मालात बुडून जातो. दुसरीत त्याच्यामुळेच त्या वैभवाचा न्याय होतो.

ही गोष्ट केवळ प्राचीन समजू नये. ऊसतोडीस जाणाऱ्या नवराबायकोस आजही मुकादम 'एक कोयता' म्हणून मोजतो. कैसर गेले, त्यांचे प्रांत गेले. परंतु माणसाला नग म्हणून मोजण्याची रीत गेली नाही. मंडळीच्या वहीत मात्र प्रत्येकाचे नाव असते. आपल्या गावचे कोण कोठे कामास गेले आहे, त्यांची मुले कोणाजवळ आहेत, हे उपदेशकाने नावानिशी जाणावे.

अभ्यासासाठी प्रश्न

1. पौलाने कोणत्या कैसराजवळ दाद मागितली?
2. करिंथ व अंत्युखिया यांच्या प्रांतांच्या कारभारात काय फरक होता?
3. नर्मदेकाठचे भडोच आणि पुत्युल यांमधील मार्ग क्रमाने सांगा.
4. व्यापाऱ्याची यादी आणि प्रकटीकरणातील यादी यांत माणसाला कोठे ठेवले आहे?