यादीची वाट पाहताना



दरवर्षी बारावीचा निकाल लागला की शाळेत पेढे येतात आणि पेढ्यांपाठोपाठ एक प्रश्न येतो : "बाई, दिल्ली विद्यापीठात नंबर लागेल ना?" यंदा आम्ही उत्तराआधी आमचीच एक चूक सांगणार आहोत.

काही वर्षांपूर्वी आपल्या एका विद्यार्थिनीला तिथे पहिल्याच यादीत जागा मिळाली. विषय मनासारखा होता, पण महाविद्यालय तिच्या पसंतीत नववे. ती विचारायला आली तेव्हा आम्हीच म्हणालो, "थोडी थांब, दुसऱ्या यादीत वरचे मिळेल." ती थांबली. मुदत टळली आणि ती त्या फेऱ्यांतूनच बाद झाली. पुढे तिने इंदुरातच प्रवेश घेतला, छान शिकली. पण हातची जागा आमच्या सल्ल्याने गेली, हे आम्ही विसरलेलो नाही.

आमचा सल्ला जुन्या पद्धतीचा होता. २०२१ पर्यंत तिथे बारावीच्या टक्क्यांवर कट-ऑफ लागत. त्या वर्षी तर काही महाविद्यालयांत तो चक्क १०० टक्के होता. पण एकामागून एक याद्या लागत आणि बहुधा टक्के खाली येत. तेव्हा थांबणाऱ्याचा फायदा होई.

२०२२ पासून प्रवेश सीयूईटी या सामायिक परीक्षेच्या गुणांवर होतात. विद्यार्थी विषय आणि महाविद्यालय यांच्या जोड्या पसंतीक्रमाने भरतो. गुण, प्रवर्ग, पसंती आणि रिकाम्या जागा पाहून संगणक प्रत्येक फेरीत एकच जागा देऊ करतो. समान गुण असतील, तर आधी बारावीच्या उत्तम तीन विषयांची टक्केवारी पाहतात.

आता नियम नीट समजून घेऊ.

१. मिळालेली जागा मुदतीत स्वीकारावीच लागते. गप्प बसणे म्हणजे नकार, आणि नकार म्हणजे पुढच्या फेऱ्यांतून बाहेर.

२. स्वीकारल्यावर महाविद्यालय कागदपत्रे तपासते. मंजुरी मिळाली की मुदतीत शुल्क भरायचे. इथे चुकले तरी जागा जाते.

३. शुल्क भरल्यावर 'फ्रीझ' किंवा 'अपग्रेड' निवडता येते. 'अपग्रेड' निवडले आणि वरची पसंती मिळाली, तर आधीची जागा आपोआप रद्द होते. नाही मिळाली, तर आधीची जागा कायम राहते. म्हणजे थांबायचेच असेल, तर जागा हातात घेऊन थांबावे.

यावरून पसंतीक्रमाचे महत्त्व कळेल. जिथे खरोखर जायचे नाही, ते महाविद्यालय वर लिहू नये. शेजारच्या मुलाचा क्रम उतरवूनही घेऊ नये.

वाट किती पाहावी लागेल, हे ठरलेले नसते. सीयूईटीचा निकाल २०२२ साली सप्टेंबरात लागला, २०२४ साली जुलैच्या अखेरीस, तर २०२५ साली ४ जुलैला. या दिवसांत रोज गुणांचे अंदाज बांधून काही बदलत नाही. जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाच्या नियमात बसतो का, नाव सगळ्या कागदांवर एकसारखे आहे का, हे पाहून ठेवणे मात्र आपल्या हातात आहे. आपल्या देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा पर्यायही लक्षात असू द्यावा. तिथल्या अनेक अभ्यासक्रमांना सीयूईटीचेच गुण लागतात, पण अर्ज वेगळा करावा लागतो. दिल्लीच्या नादात ती तारीख चुकवू नये.

पालकांना एक विनंती. या आठवड्यांत घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्यासमोर "हिचं अजून ठरलं नाही" असे म्हणू नका. लेकरू ऐकत असते. तिथे जागा सत्तर हजारांच्या आसपास आहेत आणि मागणारे त्याहून कितीतरी अधिक. नाव न लागणे हा मुलाच्या लायकीवरचा शेरा नव्हे.

घरचा अभ्यास : आज रात्री जेवणे झाल्यावर सर्वांनी मिळून एका कागदावर तीन गोष्टी लिहा. पहिली जागा मिळाली तर काय करायचे, नाही मिळाली तर काय करायचे, आणि मुदतीच्या दिवशी संगणकासमोर कोण बसणार. अडले तर शाळेत या. या वेळी आम्ही आधी त्या वर्षीचे नियम वाचू आणि मगच सल्ला देऊ.